बिनशिंगाचा बैल

आमच्या गोठ्यात एक सायकल बांधलेली आहे. ‘ठेवलेली’ न म्हणता ‘बांधलेली’ म्हणतो, त्याला कारण आहे. गव्हाणीच्या टोकाला जी खुंटी आहे तिथं एकेकाळी पाखऱ्या नावाचा आमचा खिलार बैल असायचा. त्याच जागी गेली पन्नास वर्षं ही सायकल उभी असते. रात्री तिच्या मागच्या चाकातनं दावं घालून ते खुंटीला अडकवायचं, ही आबांनी लावलेली सवय. दावी झिजली, बदलली, सवय राहिली. नवीन पाव्हणा आला की हसतो. हसू द्या.

दर पाच वर्षांनी पशुगणनेला माणूस येतो. गाय किती, म्हैस किती, बैल किती, शेरडं, कोंबड्या, सगळं विचारून लिहून नेतो. एकदा आबांनी त्याला गोठ्यात नेलं आणि सायकलीकडं बोट करून म्हणाले, “साहेब, ही बी लिवा.” तो बिचारा नवा पोरगा, त्याला वाटलं म्हातारा चेष्टा करतोय. आबा चेष्टा करत नव्हते. पण त्याच्या कागदात तसा रकाना नव्हता, त्यामुळं ती राहिली. म्हणून मी इथं लिहितोय.

माझं गाव खानापूर तालुक्यात, विट्याच्या बाजूला. माळरान, मुरमाड जमीन, पावसाच्या भरवशावरची. आमच्या भागातली निम्मी माणसं गलाईच्या धंद्यात. सोनं-चांदी गाळायची दुकानं घालून ती देशभर पांगलेली आहेत. त्यातला शेतीवर राहिलेला निम्मा भाग आम्ही.

सायकल आमच्या मुलखात कशी आली, याची एक गंमत आहे. ज्या घरानं आम्हाला लोखंडी नांगर दिला त्याच घरानं त्याच्या आधी सायकल विकली. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला तांत्रिक शाळेत शिकवत होते, आणि १८८८ साली बेळगावला त्यांनी भावाच्या सोबतीनं सायकलीचं दुकान सुरू केलं. तेव्हा सायकल ही साहेबाची आणि बड्या लोकांची हौस. त्या दुकानातनं पुढं कडबा कापायचं यंत्र निघालं, मग १९०३ च्या सुमाराला लोखंडी नांगर. लोखंडानं जमीन नासते म्हणून शेतकरी आधी तो घ्यायला तयार नव्हते, असं जुनी माणसं सांगायची. १९१० साली औंधच्या राजेसाहेबांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. माझ्या आजाकडं त्यांचाच नांगर होता. दोन-तीन जोड्या जुंपल्याशिवाय हलायचा नाही.

आणखी एक. त्याच १८८८ साली तिकडं बेलफास्टला डनलॉप नावाच्या माणसानं हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. हा डनलॉप पेशानं जनावरांचा डॉक्टर होता. पोराच्या तीनचाकीला धक्के बसतात म्हणून त्यानं रबराची नळी करून तीत हवा भरली. हे मला फार उशिरा वाचायला मिळालं. वाचलं तेव्हा वाटलं, आबा असते तर म्हणाले असते, बघ, मी म्हणत नव्हतो का.

स्वातंत्र्यानंतर सायकली आपल्याकडं बनायला लागल्या. मद्रासला हर्क्युलसवाल्यांचा कारखाना १९४९ चा, सोनिपतचा ॲटलस १९५१ चा, लुधियानाचा हिरो १९५६ चा. तरी माझ्या लहानपणी आमच्या गावात मोजून पाच-सहा सायकली होत्या. पोस्टमनची, गुरुजींची, पाटलाच्या पोराची, सोसायटीच्या सेक्रेटरीची, अशा. सगळ्या बसायच्या सायकली. धोतराचा सोगा क्लिपात धरून माणूस बसला की लोक बाजूला व्हायचे. सायकलीवर ओझं लादणं म्हणजे घोड्यावर शेणखत लादण्यासारखं वाटायचं. आम्ही पोरं बाजारादिवशी २५ पैसे देऊन तासाच्या बोलीनं सायकल घ्यायचो आणि नळीखालनं पाय घालून हाफ पायडल मारायचो. माझी सायकलीशी ओळख तेवढीच.

मग बहात्तर आलं.

सत्तर आणि एकाहत्तर साल तसं कोरडंच गेलं होतं. बहात्तरला मृग कोरडा, आर्द्रा कोरडी, शेवटी हस्तावर नजर लावली, तो बी तसाच गेला. विहिरीचा तळ दिसला. गावाबाहेर खडी फोडायचं काम निघालं, नालाबंडिंगचं निघालं. आई-आबा दोघं जायचे. पोरांना सुकडी मिळायची, रेशनला लाल मिलो. माणसं जगली. प्रश्न जनावरांचा होता. कडब्याची पेंढी सोन्याच्या भावानं झाली. छपरावरचं जुनं गवत काढून बैलांना घातलं, तेही संपलं.

आबांनी पाखऱ्या आणि सर्जाला खरसुंडीच्या बाजारात नेलं. १९६९ साली या जोडीला दारात येऊन बाराशे मागितले होते, आबांनी दिली नव्हती. आता साडेतीनशेला दिली. बैल विकलं तरी दावं द्यायचं नाही अशी आमच्याकडं रीत आहे, म्हणून आबा दोन दावी खांद्यावर टाकून चालत घरी आले. जेवले नाहीत. गोठ्यात जाऊन बसले. आई मला म्हणाली, “जाऊ नगंस तिकडं.” मी तेरा वर्षांचा होतो. कडेकडेनं जाऊन बघितलंच. आबा रिकामी गव्हाण झाडत होते.

बैल नसलेला शेतकरी म्हणजे काय, हे आजच्या ट्रॅक्टरच्या दिवसांत सांगून कळणार नाही. त्याला गावात कोण ‘औत मोडलेला’ म्हणायचं. म्हणजे जमीन असून नसल्यासारखी. पेरायला दुसऱ्याच्या तोंडाकडं बघायचं आणि त्याचं पेरून झाल्यावर उरलेल्या वाफशात आपलं उरकायचं.

माझा मामा किर्लोस्करवाडीला कारखान्यात कामाला होता. त्याच्याकडं जुनी हर्क्युलस होती. त्यानं नवीन घेतली आणि जुनी आबांना घ्या म्हणून आला. ९० रुपये, तेही सवडीनं. आबा म्हणाले, “मला ऱ्हाऊ दे बाबा, मला बसता बी येत न्हाई.”

मामा म्हणाला, “दाजी, ही कडबा खात न्हाई, पाणी पीत न्हाई.”

“आन् कुळवाला जुपू का?”

मामाला उत्तर सुचलं नाही. आईच पुढं झाली. गोठ्यात एक म्हैस उरली होती, तिला जगवायची होती. कृष्णाकाठाला ऊस तुटत होता, तिथं वाढं मिळतं. डोक्यावर किती आणणार? “घ्या,” म्हणाली. घेतली.

आता थोडं त्या सायकलीविषयी, कारण आजच्या पोरांना ती बघायला मिळत नाही. २४ इंची फ्रेम, २८ इंची चाकं, ब्रेकला वायर नाही तर सळ्या. पुढच्या चाकाला ३२ तारा आणि मागच्याला ४०. हे मला पुष्कळ वर्षं ठाऊक नव्हतं. एकदा विट्याला मिस्त्री मागच्या चाकाचा आउट काढत असताना मोजलं, तेव्हा कळलं. ओझं मागं येणार, हे ज्यानं पहिल्यांदा सायकल बांधली त्याला ठाऊक होतं. फ्रेम लांबट आणि मागं झुकलेली, त्यामुळं रस्ता खराब असला तरी उधळत नाही. अशी सायकल पळायला मठ्ठ, पण ओझ्याला गुणी. बैलात बी असंच असतं.

पण ओझ्याची सायकल चालवायची नसते, ढकलायची असते. जे काही मला या विषयात कळलंय ते एवढंच, आणि ते आम्ही पहिल्या खेपेला शिकलो. कॅरियरवर वाढ्याची मोळी बांधली, तर पुढचं चाक वर उचलायला लागलं, घोडं उधळावं तसं. आबांनी सगळं सोडलं आणि बैलगाडी भरायच्या हिशेबानं परत भरलं. गाडीत जसा ‘धुरजड’ आणि ‘उलाळ’ बघतात तसा. जडातली जड मोळी सायकलीच्या नळीत, खाली, पायडलच्या वर. ती गेली की पायडल मारायचा प्रश्नच मिटतो. मग दोन मोळ्या कॅरियरच्या दोन अंगांना लोंबत्या, आणि सगळ्यांत हलकी वर. हँडलला हात पोचेना, म्हणून कळकाची एक काठी हँडलला आडवी बांधली. सीट काढून तिथल्या नळीत दुसरी उभी ठोकली. एक हात आडव्या काठीवर, एक हात उभ्या काठीवर. सायकल आणि माणूस यांच्यामध्ये मोळी, आणि माणूस बाजूनं चालतोय. दीड क्विंटलपर्यंत माल आम्ही असा आणलाय.

ही अक्कल आबांची, अशी माझी कितीतरी वर्षं समजूत होती. पुढं माझा एक चुलतभाऊ गलाईच्या दुकानामुळं तिकडं झारखंडात राहिला. त्यानं येऊन सांगितलं की तिकडं माणसं सायकलीवर कोळशाची पोती लादून मैलोन्‌मैल ढकलत नेतात, अगदी अशाच काठ्या लावून. नंतर एका पुस्तकात व्हिएतनामचा फोटो बघितला. १९५४ साली डिएन बिएन फू इथं फ्रेंच फौजेला वेढा पडला होता, आणि वेढा घालणाऱ्यांनी डोंगरातनं तांदूळ आणि दारूगोळा हजारो सायकलींवरनं नेला. एकेका सायकलीवर दोनशे किलोच्या वर. त्यांतल्या बऱ्याच सायकली फ्रेंच बनावटीच्याच. आणि फोटोत त्या दोन काठ्या! एक हँडलला आडवी, एक सीटच्या जागी उभी. मी तो फोटो आबांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितला आणि म्हणाले, “ह्येनं पुढचं वझं जरा जास्त घेतलंय.”

पहाटे भाकरी बांधून निघायचो, येताना दिवस मावळायचा. उतार गोड वाटतो, पण उतारच वाईट. भरलेल्या सायकलीला ते सळीचे ब्रेक काय करणार? रबरं जळल्याचा वास यायचा नुसता. मग मागनं दोरी बांधून आई आणि मी ती ताणून धरायचो. चढाला उलटं. आबा काठीला, आई मागनं दोन्ही हात मोळीला लावून, आणि मी पुढं. चिमट्याला दोरी बांधून ती खांद्यावरनं घेऊन ओढायला. एकदा चढाच्या मधोमध दम खायला थांबलो, तेव्हा आबा म्हणाले, “आता आपुनच बैल.” आई म्हणाली, “बैलाला कुणी तरी चारा घालतंय.” तिघंही हसलो. दुष्काळात घरात हसल्याचं मला फार आठवत नाही, हे आठवतं.

आईला मी पुढं एकदा विचारलं होतं, सायकल आल्यानं तुझं काय हलकं झालं? ती म्हणाली, “डोईवरचं हातावर आलं, येवढंच.” मग थोड्या वेळानं, भांडी घासता घासता म्हणाली, “पर वाट दिसायला लागली. डोईवर वाढं असलं की पानं डोळ्यावर येत्यात, फुडचं कायबी दिसत न्हाई.” सायकलीचा इतिहास लिहिणारे बाईनं सायकलीवर बसून काय मिळवलं ते लिहितात. ते खरंच आहे. पण माझी आई सायकलीवर एकदाही बसली नाही आणि आबाही नाहीत. वीस वर्षं दोघं तिच्या बाजूनं चालले.

त्र्याहत्तरला पाऊस झाला. सगळं गाव पेरायला लागलं आणि आम्ही बांधावर. आमच्याकडं वारंगुळा चालतो. आज माझे बैल तुझ्या रानात, उद्या तुझे माझ्या रानात. ज्याच्याकडं बैल नाहीत त्यानं माणूस द्यायचा, एका औताच्या दिवसाला माणसाचे दोन दिवस, कधी तीन. आई-आबा असे किती दिवस देणार? आपलं रान तसंच पडायचं.

यातनं वाट निघाली ती शेजारच्या तात्यांमुळं. त्यांचे बैल होते, पण दुष्काळानं पार खंगलेले. त्यांना विट्याहून खताची पोती आणायची होती. गाडी जुंपली तर सगळा दिवस जाणार आणि बैल दुसऱ्या दिवशी औताला चालणार नाहीत. ते आबांना म्हणाले, “तुझा बिनशिंगाचा बैल दे की.” चेष्टेनंच म्हणाले. आबांनी तो शब्द उचलला आणि हिशेब मांडला. सायकलीच्या दोन खेपा, तुमच्या औताचा एक दिवस. तात्यांनी मान्य केलं. एका खेपेला दोन पोती, म्हणजे एक क्विंटल. सकाळी गेलेला माणूस दुपारच्या भाकरीला घरी. बैल ताजे.

एकाचं बघून दुसऱ्यानं विचारलं. वर्षाभरात चार घरं आमच्या सायकलीच्या वारंगुळ्यात आली. खत, पेंड, लग्नाचा बाजार, गिरणीचं दळण, एकदा तर विहिरीवरचं बिघडलेलं इंजिन, खोललेलं, तीन खेपांत. आमची सव्वातीन एकर जमीन त्या सायकलीवर पेरली गेली, कुळवली गेली, मळली गेली. मामाला तेव्हा न सुचलेलं उत्तर हे होतं. सायकल कुळवाला जुंपता येत नाही, पण तिच्या जोरावर कुळव येतो.

त्याच वर्षी आषाढात बेंदूर आला. गावातले बैल ओढ्यावर धुवायला नेले, शिंगं रंगवली, झुली घातल्या. आबा सकाळपासनं दिसत नव्हते. बघतो तर ओढ्याच्या खालच्या अंगाला, जिथं कोणी नाही तिथं, सायकल आडवी घालून घासत होते. घरी आणून तिच्या हँडलच्या दोन टोकांना हिंगूळ लावला, पाखऱ्याची घुंगरमाळ बांधली. आईनं पुरणपोळीचा निवद गव्हाणीत ठेवला. दसऱ्याला सगळेच सायकल पूजतात, झेंडूची माळ घालतात, त्यात काही नाही. पण बेंदराला? गावानं वर्षभर नाव काढलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. त्या वयात बापाचं असलं काही खपत नाही.

या वारंगुळ्यात एक गोष्ट मी अजून सांगितली नाही. नुसती सायकल कोणी नेत नव्हतं. सायकलीबरोबर ती ढकलणारा लागतो. आबा रानात अडकलेले, मग मी. शाळा तीन मैलांवर. जायचो सायकलवर, फुल पायडल. वर्गात आमच्या तुकडीत सायकल असलेला मी एकटा, त्याचा मला तोरा होता. पण आठवड्यातनं दोन दिवस, सुगीत चार दिवस, माझी हजेरी लागायची नाही. गुरुजी आबांना बोलावून सांगायचे. आबा मान खाली घालून ‘व्हय’ म्हणायचे. पुढच्या आठवड्यात परत तेच. नव्या पद्धतीची दहावी तेव्हा नुकतीच सुरू झाली होती. माझी परीक्षा मार्च १९७६ ला.

मार्च म्हणजे शाळवाची मळणी. आमची कणसं खळ्यावर पडली होती. मळणीला बैल द्यायचं एका घरानं कबूल केलं होतं, पण त्यांच्या घरी लग्न होतं. त्यांचं सामान विट्याहून आणायचं होतं, आदल्या दिवशीच. दुसऱ्या दिवशी माझा गणिताचा पेपर. आबा म्हणाले, मी जातो. पण त्यांच्या पायाला कुरूप झालं होतं, चालता येत नव्हतं. मी म्हटलं, दिवस मावळायच्या आत येतो. येताना मागचं टायर बसलं. सोल्युशनची ट्यूब वाळलेली. तांदळाची दोन पोती, तुपाचे डबे, वर कपड्याचं गाठोडं. ते टाकून येता येत नव्हतं. पंक्चर चाकावर भरलेली सायकल ढकलत आलो, तर रिम बसते. म्हणून निम्मा माल एका वस्तीवर ठेवला, निम्मा पोचवला, परत जाऊन उरलेला आणला. घरी आलो तेव्हा रात्रीचे दोन वाजले असतील. पेपरात डोळे उघडे होते, पण आकडे दिसत नव्हते. ३१ मार्क पडले. पास व्हायला ३५ लागायचे.

निकाल लागला त्या दिवशी आबांनी विचारलं, “चारच कमी?” मी बोललो नाही. सायकलीला हात लावायचा नाही असं मी ठरवलं. बोलून दाखवलं नाही, नुसतं ठरवलं. आठ दिवस लावला नाही. नवव्या दिवशी रानातनं येताना चढाखाली आबा दिसले. आईला ताप होता, त्यामुळं एकटेच. पेंडीची दोन पोती. दहा पावलं ढकलायची, मग सायकल पोटावर तोलून धरायची, पायानं एक दगड सरकवत आणायचा, मागच्या चाकाला त्याची उटी लावायची आणि दम खायचा. मग परत दहा पावलं. त्यांनी मला बघितलं नव्हतं. मी बराच वेळ उभा राहिलो. मग खाली गेलो, चिमट्याची दोरी सोडली आणि खांद्यावर घेतली. आबा म्हणाले, “उटी काढ.” काढली. एवढंच बोलणं.

ऑक्टोबरात परत बसता आलं असतं. शाळवाची पेरणी होती. बसलो नाही. सायकलीनं माझी दहावी नेली असं मी कैक वर्षं म्हणत होतो. आता तसं म्हणत नाही. तिनं न्यायच्या आधी दुष्काळानं नेली होती. ती नसती तर मी सातवीतनंच खडी फोडायला गेलो असतो. पण आबांनी बेंदराला तिला निवद दाखवला तसा मी कधी दाखवू शकलो नाही, हेही खरं. माझ्या मनात ती बैल आहे, पण मारका.

१९७९ साली परत बैलजोडी घेतली. खुंटी मात्र पाखऱ्याची सायकलीला राहिली. नवा बैल दुसऱ्या अंगाला बांधला. मग संकरित गाय आली, डेअरी आली. सायकल दुधाला लागली. कॅरियरच्या दोन बाजूंना दोन कॅन, सकाळ-संध्याकाळ. दुधाचं एक सांगतो. कॅन काठोकाठ भरलेला असला तर बरा. अर्धा असला की दूध आत हेलकावतं आणि वळणावर सायकल आपल्याला पाडते. त्या काळात मागचं फ्रीव्हील बदलून जास्त दातांचं बसवून घेतलं होतं, चढाला सोपं पडायचं.

पुढं गावात लुना आल्या, मग दुधवाल्यांच्या एम-एट्या. टेंभू योजनेचं काम १९९६ ला सुरू झालं. कृष्णेचं पाणी एवढ्या उंचीवर चढणार, यावर आबांचा विश्वास नव्हता. पाणी आलं ते बघायला ते नव्हते. आज ज्या माळावर आम्ही वाढं ढकलत आणलं त्या माळावर ऊस आहे. आपल्याच बांधावर वाढं मिळतं. कधी कधी पेटवूनसुद्धा देतात. ते बघवत नाही.

माझ्या पोरानं ट्रॅक्टर घेतलाय, मोटारसायकल आहे. मी नाही म्हटलं नाही. रान वाटणीनंतर दोन एकर राहिलं, घराला लागूनच आहे. रोजची कामं बारकी असतात. एक पोतं पेंड, चार पाट्या शेणखत, दोन क्रेट वांगी, फवाऱ्याचा पंप. एवढ्यासाठी ट्रॅक्टर काढायचा म्हणजे माशी मारायला पहार. मोटारसायकल बांधावरनं जात नाही आणि पेट्रोल शंभराच्या वर गेलंय. सायकल फूटभर रुंदीच्या पायवाटेनं दोन सऱ्यांच्या मधनं जाते. मी ६० च्या पुढं गेलोय, एक क्विंटल आता तोलत नाही. म्हणून गावातल्या वेल्डिंगवाल्याकडनं जुन्या सायकलीची दोन चाकं घालून एक गाडा करून घेतला. तो सीटखाली जोडतो. जोडायच्या जागी लोखंडाला लोखंड ठेवलं नाही, जुन्या टायरचा जाड तुकडा घातलाय. त्यामुळं वळताना गाडा वळतो, सायकल आडवी झाली तरी तो उलटत नाही. दीडशे किलो सहज येतं आणि आता काठ्या लागत नाहीत. युरियाचं पोतंही ५० चं ४५ किलोचं झालंय. सरकारनं माझ्यासाठीच केलं असं मी घरात म्हणतो.

मागच्या वर्षी हायवेवरच्या एका हॉटेलचा मालक आला होता. त्याला दारात मांडायला जुनं सामान पाहिजे. एकाची बैलगाडी त्यानं नेली, एकाचं जातं नेलं. सायकलीचे पाच हजार देतो म्हणाला. नातू म्हणाला, आजोबा, देऊन टाका, नवीन येते एवढ्यात. मी त्याला विचारलं, कळकाच्या काठ्या नेणार का बरोबर? त्या अजून माळ्यावर आहेत. तो म्हणाला, काठ्यांचं काय करायचं? मी म्हटलं मग ऱ्हाऊ दे.

तसं आत्ताही देता येणार नाही. मागच्या चाकाच्या दोन तारा तुटल्यात आणि रिमला आउट आलाय. विट्याचा मिस्त्री म्हणतो, ४० भोकांची रिम आता दुकानात नसते, मागवावी लागेल. मागव म्हटलंय. तोवर पेंड पोराच्या मोटारसायकलवरनं येतेय.